डाव्या पायाची सुट्टी

पहिल्या भेटीत त्याने मला ‘ताई’ म्हटलं, आणि मी काहीच बोलले नाही.

बोलणार कशी? सकाळचे साडेसहा झाले होते. हातात पूजेचं ताट, ताटात पांढरी कण्हेर, आणि ओठांवर मौन. कोपऱ्यावरच्या देवीला जाऊन यायचं, घरचे देव पुजायचे, पोथीचा एक अध्याय वाचायचा – तोवर बोलायचं नाही, असा माझा रोजचा नेम. दोन वर्षं झाली होती. दारव्ह्यातल्या आमच्या गल्लीला तो इतका पाठ होता की दूधवालासुद्धा मला बोटांनीच ‘एक की दीड’ विचारायचा.

आठवडी बाजाराचा दिवस होता. रात्रभर झिमझिमलेला पाऊस निंबाच्या पानांवरून अजून टपकत होता. मी पदर सावरला आणि वळून पाहते तर मागे एक पांढरी गाडी उभी! कधी आली, कळलंच नाही. आवाजच नव्हता तिला.

“ओ ताई! बाजाराचं मैदान कुठी हाय?”

मी ताट डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताने दाखवलं – सरळ, मग डावीकडे, मग देवळाचा कळस. तो दार उघडून खाली उतरला. उंच, सावळा, केसांवर पावसाचे दोन-तीन थेंब. माझ्या हाताकडे पाहता पाहता त्याचा चेहरा एकदम हळवा झाला. त्याला वाटलं, ही मुकी आहे! मग तोही हातवारे करायला लागला, आणि वर मोठमोठ्याने बोलायला लागला.

“सरळ? मंग डावीकडे? मंग – देऊळ?”

मला ऐकू येत होतं. अख्ख्या गल्लीला ऐकू येत होतं. मी हसू दाबून मान डोलावली.

“माहं तोंड बंद होत नाही, तुमचं उघडत नाही,” तो स्वतःशीच म्हणाला, “चांगलं जमलं आपलं.”

त्याच्या गाडीचं दार उघडंच होतं. माझी नजर सवयीने खाली गेली. लोक आधी चेहरा पाहतात, पण ड्रायव्हरची मुलगी आधी पायांकडे पाहते. खाली दोनच पेडल होती. ब्रेक आणि रेस. तिसरं... तिसरं नव्हतंच!

तो बसला. ब्रेकवरचा पाय त्याने नुसता उचलला, आणि गाडी निघाली. डावा पाय हललाही नाही. ओवाळताना ज्योत जशी आपली आपण पुढे झुकते, तशी ती गाडी चिखलातून हलकेच पुढे सरकली. मी ताट धरून तिथेच उभी. जगात अशी गाडी असते? डाव्या पायाशिवाय चालणारी?

त्या दिवशी पोथी वाचताना माझं लक्ष एका ओळीतही लागलं नाही.

*

माझे बाबा, पुंडलिकराव, तीस वर्षं दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवत होते. डोळे मिटून सांगायचे, कोणता ट्रक कोणत्या गिअरमधे चाललाय. घरात जेवता जेवता ओरडायचे, “अबे, सेकंड टाक, इंजिन रडून राह्यलं!” रस्त्यावरच्या ड्रायव्हरला ते कसं ऐकू जाणार? पण पुढच्याच क्षणी त्याचा गिअर बदललेला ऐकू यायचा, आणि बाबा समाधानाने भाकरीचा तुकडा मोडायचे.

दोन वर्षांपूर्वी टायर बदलताना जॅक घसरला आणि डावा घोटा चेचला गेला. पाय वाचला. काठीने चालतात. पण त्या पायात क्लच दाबायचा जोर काही आला नाही. जीप अंगणात उभी राहिली. रोज सकाळी बाबा तिच्यात जाऊन बसायचे आणि इंजिन न लावता नुसते गिअर टाकायचे. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मग उतरून यायचे. कुणाशी बोलायचे नाहीत.

त्या दिवसांत मी केळापूरच्या जगदंबेला बोलले होते – बाबा स्वतः गाडी चालवत तुझ्या दारी येतील तोवर सकाळची माझी वाणी तुझी. आणि तोवर या घरात माझ्या लग्नाचा शब्द निघणार नाही.

आईने, म्हणजे बेबीताईने, कपाळावर हात मारला होता. “मौनाचं ठीक हाय. पण लग्न कायले मधात घातलं, पोरी? तुह्या बापाचा पाय बरा झाला नाही तं?”

मी फुलांची परडी उचलून अंगणात निघून गेले होते. 

*

पुढच्या बाजाराला तो देवळाच्या कोपऱ्यावर आधीच उभा होता. हातात चहाचा ग्लास. मला पाहून त्याने हात जोडले आणि मग खुणांनी विचारलं – चहा? मी मान हलवली.

“मी कपिल,” तो छातीवर बोट ठेवून म्हणाला. “पांढरकवड्याचा. यवतमाळले गाड्याच्या शोरूममधे हाय. ही बिनक्लचची गाडी बाजारा-बाजारात न्यायची, लोकायले दाखवायची, हे माहं काम. लोक येतात. एसीत बसतात. थंड होतात. निघून जातात.” तो हसला, मग हसू ओसरलं. “यंदा कोण घेईन गाडी? कापसाची पऱ्हाटी पाहा ना. वरून हिरवीगार, बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. अन् फवारणी करणारे विष अंगात भिनून दवाखान्यात पडून हायेत. एक काका काल माह्या गाडीत बसले, सीटवरून हात फिरवला अन् म्हणले, बापू, माह्या बोंडात कापूस असता तं तुले नाही म्हटलं नसतं.”

मी त्याच्याकडे पाहत राहिले. विकायला आलेला माणूस असा बोलतो?

“तुम्ही ऐकता. असं कोणी ऐकत नाही हो. म्हणून सांगतो, तुम्ही कोणाले सांगणार नाही...” त्याने आजूबाजूला पाहिलं. “मले क्लचची गाडी येत नाही.”

माझे डोळे मोठे झाले असावेत.

“खरंच! पुण्यात एका म्हाताऱ्या बाईसाहेबांची गाडी चालवली चार वर्षं. तिले क्लच नव्हता. तिच्यावरच शिकलो. शोरूमवाल्यायले वाटते, मोठा उस्ताद हाय. दसऱ्यानंतर ही गाडी नागपूरले वापस जाणार हाय. मंग मले क्लचच्या साध्या गाड्या गिऱ्हाईकाकडे पोचवायले पाठवतीन. सुरू केली की बंद पडते हो! घोड्यावानी उडी मारते अन् बंद. हे कळलं की नोकरी गेली, यवतमाळ सुटलं.”

मला हसू आलं. आवाज न करता हसायची दोन वर्षांची सवय होती, तरी ताटातली फुलं हलली. तो माझ्याकडे पाहतच राहिला.

खरं तर मी कागदावर लिहून सांगू शकले असते, की मी मुकी नाही. नाही सांगितलं. त्यापुढचा बाजारही तसाच गेला. तो बोलायचा, मी ऐकायची... नेमाच्या आडून मी चोरी करत होते, हे देवीला कळत होतंच. तिच्यासमोर डोळे वर करायची मला लाज वाटायची.

*

चोरी पकडली गेली ती चौथ्या बाजाराला. मी बालवाडीत शिकवते. दुपारी मुलांना टाळ्या वाजवत पावसाचं गाणं शिकवत होते, चांगली मोकळ्या आवाजात, आणि खिडकीशी अंधारून आलं. वर पाहिलं तर कपिल. हातातली जाहिरातीची पानं खाली गळत होती.

“तुम्ही – बोलता?”

“बोलते.”

“कवापासून?”

“दीड वर्षाची होते तेव्हापासून.”

त्याचे कान लाल झाले. “अन् मी तीन बाजार... सगळं... ते क्लचचंबी...”

“क्लचचंही.”

“कोणाले सांगितलं?”

“देवीला.”

 त्याने खिडकीच्या गजाला धरून हळूच विचारलं, “ती काय म्हणली?”

“म्हणाली, याला तुझ्या बाबांकडे घेऊन जा.”

मी त्याला नेमाचं सांगितलं. बाबांचं, जीपचं, घोट्याचं सांगितलं. लग्नाचं तेवढं सांगितलं नाही. तो ऐकत होता. बडबड्या माणसाचं गप्प होणं किती सुंदर असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

जाता जाता तो थांबला. “एक विचारू? पहिल्या दिवशी मी तुम्हाले ताई म्हटलं. तो शब्द मी वापस घेतला तं... चालते का?”

मुलं माझा पदर ओढत होती. मी फळ्याकडे तोंड केलं. “विचार करून सांगते.”

*

संध्याकाळी बाजार उठल्यावर तो घरी आला. बाबा अंगणात खाटेवर होते. पांढरी गाडी फाटकापाशी थांबली आणि बाबांच्या कपाळाला आठी पडली.

“कोणत्या गिअरमधे आली ही?”

“काका, ऑटोमॅटिक हाय. ते आपलंआपण...”

“मी तुले नाव नाही विचारलं. गिअर विचारला.” बाबा खरंच रागावले होते. आयुष्यात पहिल्यांदा एक गाडी त्यांच्या कानाला चकवून गेली होती. “क्लच नाही ते गाडी नाही. ते पाळणा हाय. लेकरायचा.”

“काका, मी त्या पाळण्यातलंच लेकरू हाय,” कपिल म्हणाला. “मले क्लच शिकवा.”

बाबांनी त्याला वरून खाली पाहिलं. मग काठी उचलली. “बेबी! जीपची चाबी आण.”

आईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. दोन वर्षांत बाबांनी चाबी मागितली नव्हती.

बाजार समितीचं आवार रिकामं होतं. कापूस यायला अजून अवकाश होता, आणि येईल की नाही याचीही कुणाला खात्री नव्हती. त्या ओसाड आवारात, बॅटरी बदलून शेजाऱ्याने आणून सोडलेली आमची जुनी जीप घोड्यासारख्या उड्या मारू लागली. बाबा बाजूला बसून ओरडत होते, मी थर्मास घेऊन कट्ट्यावर.

“अबे, बैल हाय का ते, तुतारीची काठी टोचली की निघाला? विचार तिले! पायानं विचार!”

“काय विचारू काका?”

“निघू का, म्हणून विचार. ते हो म्हणल्याशिवाय क्लच सोडायचा नाही.”

अकरा वेळा बंद पडली. मी मोजल्या. अकराव्या वेळी कपिलने कपाळ स्टेअरिंगवर टेकवलं आणि तसंच तोंड वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खुणेने सांगितलं, आणखी एकदा. खरं तर संध्याकाळी मला बोलायला मोकळीक होती... पण आमची भाषा तीच झाली होती.

बाबांनी त्याला वजनकाट्याच्या चढावर नेलं. “ब्रेक सोड. रेस थोडी. क्लच हळू... हळू... एक जागा येते. तिथं गाडी पुढंबी जात नाही, मागंबी येत नाही. नुसती थरथरते. ते जागा सापडली की तू ड्रायव्हर.”

आणि ती जागा सापडली. एवढी मोठी जीप चढावर ब्रेकशिवाय उभी राहिली! एका पायाच्या बोटांवर.  कपिलच्या चेहऱ्यावर तेच भाव होते जे गाभाऱ्यात पहिल्यांदा आत गेलेल्या लेकराच्या चेहऱ्यावर असतात.

“काका,” तो कुजबुजला, “हे तुम्ही तीस वर्षं करत होते?”

 बाबांचा डावा पाय, जोर नसलेला, खाली रिकाम्या जागेत हळूच हलत होता. कपिलने तो पाहिला. मीही पाहिला.

*

तीन बाजार असेच गेले. कपिल बाबांना पांढऱ्या गाडीत बसायचा आग्रह करत नव्हता. मी मनातून चडफडत होते. श्रावण सरला, गौरी-गणपती झाले. पितृपक्ष लागला, तेव्हा एका संध्याकाळी तो अगदी साळसूदपणे म्हणाला, “काका, एक अडचण हाय. गिऱ्हाईक विचारते, ही कोणत्या टायमाले गिअर बदलते? मले तं काही कळत नाही. तुमचा कान लागते.”

बाबांच्या कानाला आव्हान! ते काठी टेकत आले आणि बाजूच्या सीटवर बसून डोळे मिटले. आई आणि मी मागे. कपिल आवारात फेऱ्या मारू लागला.

पहिली फेरी. बाबा गप्प.

दुसरी फेरी. बाबांनी बोट वर केलं. “आता... दुसरा पडला.”

“कसं ओळखलं?”

“चूप.” बोट पुन्हा वर. “तिसरा.” आणि मग बाबांनी डोळे उघडले, इतके मोठे की मी घाबरले. “थांब! गाडी थांबव! अबे कपिल... हिच्यात क्लच हाय!”

“हाय ना काका,” कपिल हळूच म्हणाला. “मशीन दाबते. आपल्याले दिसत नाही.”

“तेच म्हणून राह्यलो! गिअर बदलताना ते एक श्वास घेते. मी तो श्वास ओळखतो. मले वाटे, क्लच काढूनच टाकला. नाही रे...” बाबांचा आवाज घोगरा झाला. “हाय. अन् कोणीतरी आपल्यासाठी दाबून राह्यलं.”

बाहेर रिमझिम सुरू झाली होती.   रोज पहाटे मी ज्या न दिसणाऱ्या हातापुढे डोकं टेकवते, त्याची खूण मला बाजार समितीच्या आवारात, पुसट काचेमागे, बाबांच्या तोंडून मिळत होती.

शांतता मोडली ती आईने. “मंग तुम्ही कायले दोन वर्षं रुसून बसले? उठा, तिकडच्या सीटवर बसा. त्या पोट्ट्याले सरकू द्या.”

बाबा स्टेअरिंगवर बसले. हात फिरवला. ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी सरकली, बाबांच्या ओठांवर हसू फुटलं, आणि तेवढ्यात त्यांचा डावा पाय उठला. त्या पायात इतका जोर मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. तो उठला, क्लच शोधला आणि धाडकन ब्रेकवर पडला. आम्ही सगळे पुढे आदळलो. थर्मास सांडला.

बाबा आपल्या पायाकडे पाहत राहिले. “हा अजून ड्युटीवर हाय बापा,” ते आश्चर्याने म्हणाले. “याले कोणी सांगितलंच नाही.”

“सांगा ना काका,” कपिल म्हणाला. “तीस वर्षं राबला. सुट्टी द्या त्याले.”

बाबांनी वाकून डाव्या पायातली चप्पल काढली आणि मागे माझ्या हातात दिली. अनवाणी पाय सीटखाली दुमडून घेतला. “घे, प्रेरणा. आजपासून याची सुट्टी.”

त्या दिवसापासून बाबा गाडीत बसताना डावी चप्पल घरीच ठेवायचे. जीपमधे, क्लचच्या पेडलवर.

*

नवरात्रात केळापूरच्या जत्रेत गाडी दाखवायला न्यायची होती. कपिल म्हणाला, “काका, चला ना. तुम्ही चालवा. मी बाजूले बसतो.” बाबा हो म्हणाले आणि आई देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली ती उठेचना.

पहाटे पाचला निघालो. मी अर्थातच मौनात. पूजा आता जगदंबेच्या दारी होणार होती, तोवर शब्द नाही. यवतमाळच्या पुढे एका टपरीवर बाबा आणि आई चहाला उतरले. कपिल गाडीपाशी थांबला. रस्त्याकडेला पऱ्हाटीचं शेत होतं, दव पडलेलं, आणि एक बाई वाकून बोंडं चाचपत होती. फोडून पाहायची, आणि टाकून द्यायची.

“परवा शोरूमच्या मॅनेजरसमोर क्लचची गाडी चढावर उभी करून दाखवली,” कपिल म्हणाला. “एक बोट मागं सरकली नाही. राहिलो मी यवतमाळातच. ही गाडी जाईन, मी नाही जात.” मग त्याने आवाज खाली आणला. “तो ताई शब्द अजून माह्याचजवळ पडून हाय. विचार करून सांगते म्हणले होते तुम्ही. झाला का विचार? मुद्दाम आता विचारून राह्यलो – यावेळी तुम्हाले नाही म्हणता येत नाही.”

मी त्याच्याकडे पाहिलं. हो सुद्धा म्हणता येत नाही, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.  मी टपरीकडे बोट केलं – बाबा. मग स्टेअरिंग धरल्यासारखे हात – चालवत. मग दूर पुढच्या रस्त्याकडे हात जोडले – देवीच्या दारी. आणि मग तर्जनी माझ्या ओठांवर ठेवली... आणि उचलली.

तो माझी प्रत्येक खूण पुटपुटत होता. “काका... गाडी घेऊन... देवीपर्यंत... स्वतः. मंग – मंग तुम्ही सांगान?”

मी मान डोलावली.

“अन् मधात मी चालवली तं?”

मी मान हलवली. नाही.

त्याचा चेहरा गंभीर झाला. “असा नेम हाय होय,” एवढंच म्हणाला.

*

पुढच्या एका चढावर रस्ता अडला. जत्रेला निघालेला एक ट्रॅक्टर पुढे थांबला होता आणि मागे एसटी येऊन चिकटली. ट्रॅक्टर हलला. बाबांनी ब्रेक सोडला आणि गाडी पुढे जायच्या आधी हातभर मागे घसरली. एसटीचा भोंगा इतका जोरात वाजला की आई किंचाळली. बाबांनी करकचून ब्रेक दाबला. सीटखालचा डावा पाय धडपडत होता. चढावर ज्या पायाने तीस वर्षं गाडी धरून ठेवली, तो आपली जागा शोधत होता. आणि जागाच नव्हती.

पुन्हा प्रयत्न. पुन्हा घसरली. बाबांच्या मानेवरून घाम ओघळला.

“माह्यानं होत नाही,” ते म्हणाले. “कपिल, तू ये इकडं.”

कपिलने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी काय खूण करणार होते? बाबांच्या जिवापेक्षा नेम मोठा कसा म्हणू? मी हात मांडीवर तसेच ठेवले, उघडे.

त्याने दार उघडलं आणि उतरला. मी डोळे मिटले. संपलं.

पण तो बाबांच्या दाराकडे आला नाही. मागे एसटीकडे गेला. “दादा, जरा दहा पावलं मागं घ्या. माहे गुरुजी हायेत गाडीत. आज त्यायची परीक्षा हाय.”

“गुरुजी हायेत तं परीक्षा कायची?” एसटीवाला हसत ओरडला, पण त्याने बस मागे घेतली.

कपिल काचेपाशी वाकला. “काका, मी वर थांबतो. तुम्ही या.” आणि खिशात हात घालून तो चढ चालू लागला. मागे वळूनही पाहिलं नाही. माझं उत्तर, त्याचं सगळं, त्याने बाबांच्या हातात ठेवलं आणि निघून गेला!

गाडीत फक्त इंजिनाची बारीक घरघर. बाबा त्याच्या पाठीकडे पाहत होते. मग ओठ हलले. “विचार तिले...” स्वतःलाच सांगत होते ते. “विचार...”

आणि मी पाहिलं. बाबांचा डावा हात खाली गेला आणि त्याने हँडब्रेक ओढला. उजव्या पायाने रेस हळू... हळू... गाडी थरथरली. पुढेही नाही, मागेही नाही. तीच जागा! पायाला जी हरवली होती ती बाबांच्या हाताला सापडली. त्यांनी हँडब्रेक खाली केला आणि गाडी चढ चढू लागली, इतकी अलगद की आईच्या मांडीवरचा नारळसुद्धा हलला नाही. सीटखाली डावा पाय शांत झाला होता. झोपल्यासारखा.

मागून एसटीने भोंगा वाजवला. यावेळी लांब, लयीत, लग्नातल्या वाजंत्रीसारखा.

वर कपिल उभा होता. बाबांनी काच खाली केली. “बस. पायी जातो का केळापूरले?”

तो बसला. आरशात पाहायची मला हिंमत झाली नाही.

*

जिथवर गाडी जाऊ देतात तिथवर बाबांनी नेली आणि इंजिन बंद केलं. कुणीच उतरेना. मग आई रडू लागली आणि बाबा म्हणाले, “रडतं काहून? चप्पल काढा, दर्शन घ्या.”

पायरीशी शेकडो चपलांचे जोड. बाबांनी आपली उजवी चप्पल काढून ठेवली. एकटीच. शेजारच्या जोडांमधे ती इतकी ऐटीत दिसत होती, की फुलवालीही हसली.

मी पूजा केली. कण्हेर वाहिली. डोकं टेकवलं, आणि दोन वर्षांचा सकाळचा आवाज देवीच्या पायाशी मोकळा केला. काय बोलले ते माझं आणि तिचं.

बाहेर आले. कपिल पायरीवर उभा होता. त्याने त्याचे सँडल कुठे ठेवले होते, ते मला आधी दिसलं – बाबांच्या एकट्या चपलेला लागून, सोबतीला.

त्याने काही विचारलं नाही. बडबड्या कपिलने! नुसता पाहत होता, आणि त्याचा डावा पाय उगाचच जमिनीवर काहीतरी शोधत होता.

“तो शब्द,” मी म्हणाले. आवाज इतका हळू आला की मलाच जेमतेम ऐकू आला. “वापस घेतला तं...”

“तं?”

“...चालते.”

त्याने डोळे मिटले. उघडले. मग आपल्या मूळ स्वभावावर आला. “काय म्हणले? जत्रेचा आवाज लय हाय. पुन्हा एकदा म्हणा ना.”

“दोन वर्षांचा साठा आहे माझ्याकडे,” मी म्हणाले. “पुरेल तुम्हाला.”

तेवढ्यात मागून काठीची टकटक आली. बाबा एका पायात चप्पल घालून आमच्याकडे पाहत होते. एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे. ज्या कानाला रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा गिअर कळतो, त्याला घरातलं कळणार नव्हतं का?

“अबे कपिल,” बाबा म्हणाले, “घाई करू नोको. आधी तिच्या मायले विचार. ते हो म्हणल्याशिवाय क्लच सोडायचा नाही.”

आणि गाडीची चाबी हातात खुळखुळवत, एक पाय अनवाणी, बाबा पुढे निघाले. ड्रायव्हरच्या बाजूने.